काळ्या पाषाणाचे नाते

मराठी इतिहासात बेट म्हटले की प्रथम जलदुर्ग आठवतात. जंजिरा, खांदेरी, सिंधुदुर्ग. तटबंदी घालावी, तोफा चढवाव्यात, गोड्या पाण्याचा झरा शोधावा आणि क्षितिजावरच्या शिडांवर नजर ठेवावी, अशी ती जागा. आधुनिक पर्यटनाने बेटाचा अर्थ नेमका उलटा केला. आता बेट म्हणजे सावध राहण्याची नव्हे, सैलावण्याची जागा. पांढरी वाळू, प्रवाळाच्या भिंतीआड निजलेले निळे-हिरवे पाणी, त्यावर झुकलेला माड, आणि या चित्रात कुठेही न दिसणारा काळ. मॉरिशसची जगभर पोचलेली ओळख ही अशी आहे. मधुचंद्राला निघालेली जोडपी आणि सहलींचे जथे या ओळखीवर विसंबूनच मुंबईहून विमानात बसतात आणि सात-आठ दिवसांनी तेच चित्र मनात घेऊन परततात.

ते चित्र खोटे नाही. ते अपुरे मात्र आहे. निसर्गशोभा म्हणून प्रवाशाच्या नजरेत भरणारे या बेटावरचे बहुतेक सारे काही माणसाच्या हातून घडलेले किंवा बिघडलेले आहे, आणि त्या हातांमध्ये मराठी हातही आहेत. म्हणून मराठी प्रवाशाला या बेटाकडे परक्या डोळ्यांनी पाहता येत नाही. निदान येऊ नये.

मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटरवर समुद्रातून वर आलेले हे मुख्य बेट क्षेत्रफळाने १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या साधारण एकतृतीयांश भरेल. विमान खाली येऊ लागले की उसाच्या हिरव्या पटावर एकाएकी उभे ठाकलेले काळे, तुटक, विचित्र आकारांचे डोंगर दिसू लागतात. एकाचा आकार आंगठ्यासारखा, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘ल पूस’ म्हटले. पीतर बोथच्या सुळक्यावर माणसाच्या मस्तकाएवढा भासणारा, प्रत्यक्षात प्रचंड असा धोंडा तोललेला आहे. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरांचे. कळसूबाईच्या जेमतेम निम्मे. तरीही नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावर हिंडलेल्या माणसाला हे डोंगर पाहताच ओळखीचे वाटतात. तोच काळा कातळ, तशाच थरावर थर चढलेल्या उभ्या कड्यांच्या रेषा, पावसात तसेच सुटणारे धबधबे.

हे साम्य केवळ नजरेचे नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आजच्यापेक्षा कितीतरी दक्षिणेला होता, तेव्हा भूगर्भातल्या एका तप्त स्रोतावरून त्याचा प्रवास चालला होता. त्या वेळी भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचे पठार घडले; सह्याद्रीचे कडे त्यातूनच पुढे कोरले गेले. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, स्रोत मात्र जवळपास तिथेच धुमसत राहिला. त्याच्या मागे लक्षद्वीप-मालदीवखालची पर्वतरांग, चागोस आणि शेवटी मॅस्करिन बेटे अशी खूण उमटत गेली, असे भूशास्त्रज्ञ मानतात. मॉरिशसचे वय सुमारे ८०-९० लाख वर्षांचे. त्याच्या नैऋत्येचे रियुनियन त्याहूनही कोवळे, आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. म्हणजे रायगडाचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच चुलीवरचे आहेत. मधे कोट्यवधी वर्षांचे अंतर पडले एवढेच. शामारेलच्या रंगीत मातीच्या लाटा पाहायला प्रवासी गर्दी करतात. लोह आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांनी रंगलेली ती माती म्हणजे काळ्या पाषाणाचे ऊनपावसात झालेले दीर्घ विघटन. कोकणातल्या जांभ्याच्या लाल चिऱ्यामागेही याच जातीची प्रक्रिया आहे.

असा एकाकी भूभाग समुद्रातून वर आला, तेव्हा त्यावर जीव पोचले ते उडत, वाहत किंवा तरंगत. जमिनीवर चालणारा एकही सस्तन प्राणी तिथे पोचला नाही. पोचली ती वटवाघळे. वाघ नाही, कोल्हा नाही, उंदीरही नाही. भिण्यासारखे काही नसल्यामुळे पक्ष्यांना हळूहळू पंखांचा भार वाटू लागला असावा. पारव्यांच्या कुळातला एक पक्षी आकाराने वाढत गेला, जमिनीवर घरटे करू लागला आणि उडणे विसरला. तो डोडो. १५९८ साली डच खलाशी किनाऱ्याला लागले, तेव्हा तो त्यांच्यासमोर निर्भयपणे उभा राहिला. त्याची ती निर्भयता पुढे मूर्खपणा म्हणून जगाच्या म्हणींत गेली. परंतु भय शिकण्यासाठी शत्रू लागतो आणि त्याला शत्रूच भेटला नव्हता, हे म्हणी रचणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही. तो जिवंत पाहिल्याची विश्वासार्ह अशी शेवटची नोंद १६६२ सालची मानली जाते. शिकारीपेक्षाही जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी त्याची अंडी संपवली. माणूस प्रथम वस्तीला आला त्याला शंभर वर्षे होण्याआधीच हे सारे आटोपले.

डोडोचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत आलेला आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले. जहांगीराच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचे म्हणून मानले जाणारे डोडोचे एक चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. या पक्ष्याच्या रंगांचा अदमास घेताना अभ्यासक त्या चित्राला मोठा मान देतात. पुढे शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांनी मराठी बखरींत गाजलेल्या त्या सुरतेच्या एखाद्या आवारात, काही वर्षे आधी, हा पक्षी दाणे टिपत उभा होता, ही कल्पनाच मोठी विलक्षण आहे. इतिहास आपल्याच दारात काय बांधून ठेवतो आणि काय सोडून देतो, याचा नेम नसतो.

डचांनी आबनुसाची झाडे तोडून नेली आणि जावाहून ऊस आणला. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रेंचांनी मळे वाढवले. १८१० साली बेट जिंकणाऱ्या इंग्रजांनी उसाला सारे बेट मोकळे करून दिले. १८३५ साली गुलामगिरी संपुष्टात आली आणि मळ्यांना नवे हात हवे झाले. ते आणण्याची तजवीज आदल्याच वर्षी सुरू झाली होती. १८३४ साली कलकत्त्याहून कंत्राटी मजुरांना घेऊन जहाज आले; पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही जहाजे निघू लागली. १९२० पर्यंतच्या काळात जवळजवळ पाच लाख माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्या आप्रवासी घाटाच्या उरलेल्या सोळा दगडी पायऱ्या आज जागतिक वारसा म्हणून जपल्या जातात. त्या पायऱ्या चढलेल्यांमध्ये रत्नागिरी आणि तिच्या आसपासच्या मुलखातली मराठी माणसे होती. जहाजाच्या नोंदवहीत लिहिले गेलेले आजोबांचे पहिले नाव नातवंडांचे आडनाव झाले. गावाचे नाव वहीतच राहिले.

ही माणसे कातळ सोडून निघाली आणि कातळावरच पोचली. मॉरिशसची जमीन काळ्या धोंड्यांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी धोंडा काढायचा. उन्हात वाकून, हातांनी, पहारीने, पिढ्यान् पिढ्या हे काम झाले. आजही उसाच्या शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग उभे दिसतात. काही इतके नेटके रचलेले की प्राचीन वास्तूंचा भास व्हावा. मार्गदर्शकाच्या तोंडी त्यांचे नाव क्वचित येते. पण बेटावरची खरी स्मारके हीच. एरवी ज्याला प्रवासी निसर्ग म्हणतो, तो वाऱ्यावर लहरणारा हिरवा ऊस आणि त्याचे रुपेरी तुरे, ते या ढिगांचे दुसरे अंग आहे.

इथेच मन अडते. ज्या उसासाठी हे धोंडे वेचले गेले, त्याच उसासाठी बेटाचे अरण्य गेले. मूळच्या अरण्याचा चांगल्या स्थितीतला भाग आज दोन टक्क्यांहूनही कमी उरला आहे. अरण्य गेल्याचा शोक करायचा तर त्या घामाचे काय करायचे? आणि घामाचा गौरव करायचा तर अरण्याचे काय? कुऱ्हाड कोणाच्या हातात होती आणि ती कोणाच्या हुकमाने चालत होती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तरच या पेचातून थोडी वाट दिसते. मजुराला मजुरी मिळाली, तीही अपुरी. अरण्याची किंमत लंडन-पॅरिसच्या चहात विरघळली.

परक्या भूमीत ओळखीचे काही भेटले की प्रवासी सुखावतो. मॉरिशसमध्ये हे सुख पावलोपावली आहे. न्याहारीच्या मेजावर साळुंकी येऊन बसते. बागेतल्या कुंपणावर शेंडीवाला, लालगाल्या शिपाई बुलबुल बोलत असतो. रस्त्याच्या कडेने मुंगूस पळते. डिसेंबरात, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यात, गुलमोहर पेटतो. मराठी प्रवाशाला वाटते, हे तर आपलेच घर. परंतु साळुंकी अठराव्या शतकात टोळ खाण्यासाठी मुद्दाम आणली गेली; बुलबुल एकोणिसाव्याच्या अखेरीस आला; मुंगूस विसाव्याच्या तोंडाशी उंदरांच्या बंदोबस्तासाठी सोडले गेले आणि उंदीर सोडून पक्ष्यांच्या मागे लागले. गुलमोहर तर महाराष्ट्राचाही नव्हे आणि मॉरिशसचाही नव्हे. तो मादागास्करचा. दोन्हीकडे त्याला परका म्हणण्याची आज कोणाची छाती होणार नाही.

म्हणजे ओळखीचे तेवढे आगंतुक, आणि जे खरे तिथले ते अनोळखी, लाजरे, डोंगरकपारीत दडलेले. तेव्हा माणसांचे काय, असा प्रश्न कोणी करील. माणसाला ही मोजपट्टी लावता येत नाही. ज्या बेटावर मूळचे रहिवासी म्हणून कोणीच नव्हते, तिथे प्रत्येक जण कुठूनतरी आलेला आहे: गुलाम म्हणून पकडून आणलेला आफ्रिकी, कंत्राटावर अंगठा उठवलेला कोकणी, दुकान थाटायला आलेला चिनी, मळा मिळवायला आलेला फ्रेंच. अशा भूमीवरचा हक्क आधी कोण आले यावर ठरत नाही. तिची निगा कोण राखतो यावर ठरतो.

आलेल्या माणसांनी नावे सोबत आणली. दक्षिणेच्या डोंगराळ भागात एका मृत ज्वालामुखीच्या मुखात साचलेले सरोवर आहे. फ्रेंच त्याला ‘ग्रां बासँ’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका पुजाऱ्याला स्वप्नात त्याचे पाणी जाह्नवीशी जोडलेले दिसले, आणि यात्रा सुरू झाली. १९७२ साली त्यात गंगाजल ओतण्यात आले आणि ते गंगा तलाव झाले. महाशिवरात्रीला लाखो माणसे कावडी घेऊन पायी तिथे येतात. २००७ पासून तिथे ३३ मीटर उंचीचा शिव उभा आहे. त्याचा नमुना घेतला तो बडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीवरून. गायकवाडांच्या नगरीतला शंकर असा महासागर ओलांडून गेला. काठाच्या झाडांवर माकडे प्रसादाची वाट पाहत असतात. तीही बाहेरूनच आलेली, डोडोच्या अंड्यांवर वाढलेल्यांची वंशज.

नावे अशीच प्रवास करतात. राजस्थान गृहनिर्माण मंडळाने जयपूरला लागून वसवलेल्या प्रचंड वसाहतीला मानसरोवर म्हणतात. तिथे सरोवर नाही. रस्त्यांना शिप्रा पथ, वरुण पथ अशी ओली नावे आहेत. भोवती मात्र वाळवंटाच्या उंबरठ्यावरची कोरडी हवा. शेजारून वाहणारी द्रव्यवती कित्येक वर्षे अमानीशाहचा नाला म्हणूनच ओळखली जात होती. कैलासाखालच्या सरोवराचे नाव घेऊन राजपुतान्यातली घरे उभी राहतात, गंगेचे नाव घेऊन आफ्रिकेजवळचे तळे पवित्र होते. जिथे पाणी कमी तिथे पाण्याचे नाव अधिक लागते, आणि जिथे आपले कोणी नाही तिथे आपल्या नदीचे. त्या मानसरोवरात नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या, दारात तुळस आणि भाद्रपदात गणपती ठेवणाऱ्या मराठी माणसाला मॉरिशसची कॅस्काव्हेलसारखी मराठी वस्ती चटकन उमगेल. तिथेही मातीचा गणपती येतो, वाजतगाजत पाण्याकडे जातो; देशाला त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. कोकणातल्या जाखडीचे ‘झाकरी’ हे रूप तिथल्या अंगणांत नाचले जाते. मात्र नाव दिल्याने पाणी राखले जात नाही. तळ्याला गंगा म्हटल्यावर त्याच्या काठच्या झाडांना काय म्हणायचे, हे अजून ठरायचे आहे.

नैऋत्य टोकाला ल मोर्न हा ५५६ मीटरांचा एकांडा कडा थेट समुद्रावर उभा आहे. त्याच्या पायथ्याचे पाणी छायाचित्रांत फार देखणे दिसते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पळालेले गुलाम याच्या कपारींत लपत. मुक्तीची वार्ता घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला धरायलाच ते आले असे समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी दंतकथा बेटावर सांगतात. २००८ साली हा कडा जागतिक वारसा झाला. याच्याच उतारांवर एक लालसर घंटेच्या आकाराचे फूल रानात तग धरून आहे. लोक त्याला कर्णफूल म्हणतात आणि १९९२ पासून ते देशाचे राष्ट्रीय फूल आहे. माणसांना ज्या अवघड कपारींनी आसरा दिला, त्यांनीच फुलालाही दिला.

अशा कपारींतच खरूचीच्या जातीचा एक लहान ससाणा उरला होता. अरण्य आकसले, हिवतापाच्या डासांसाठी फवारलेले डीडीटी भक्ष्यातून त्याच्या अंगात उतरले, आणि १९७४ साली रानात ठाऊक असलेले असे चारच पक्षी राहिले. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचे नाव झाले. १९७९ साली कार्ल जोन्स हा तरुण वेल्श जीवशास्त्रज्ञ तिथे आला तो, सारे आवरते घेण्याच्या बेताने पाठवलेला. त्याने आवरले नाही. कड्यांवर चढून त्याने घरट्यांतली पहिली अंडी उचलली. मादी पुन्हा अंडी घालते, हे त्याला ठाऊक होते. उचललेली उबवणयंत्रात उबवली, पिले हाताने भरवली, रानात सोडली, सोडल्यावरही खाऊ घातले. गुलाबी पारवा १९९० च्या सुमारास रानात दहाएक उरला होता. आपल्या पोपटाचा जवळचा आप्त असलेला तिथला हिरवा पोपटही एके काळी तितकाच. आज तिन्ही जाती शेकड्यांत आहेत. मात्र त्यांचे जगणे अजून निगेवर अवलंबून आहे. चिनी पेरूची दाट रोपे हातांनी उपटावी लागतात, उंदीर मारावे लागतात, घरट्यांच्या पेट्या तपासाव्या लागतात. १९९४ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांत हिंडणाऱ्या प्रवाशाला डोक्यावरून गुलाबी पारवा गेलेला दिसला, तर तो निसर्गचमत्कार नसून कोणाच्या तरी चाळीस वर्षांच्या नोकरीचे फळ आहे, हे समजणे बरे.

प्रत्येक प्रयत्नाला यश येते असे नाही. क्युरपीपच्या उद्यानात एक किडकिडीत ताड वाढला. त्याच्या जातीचे जगाला ठाऊक असलेले दुसरे झाड नाही. त्याची नरफुले आणि मादीफुले वेगवेगळ्या वेळी उमलतात, आणि पराग पोचवायला जवळ सोबती नाही. जी वटवाघळे बेटावर माणसाच्या फार आधी आली आणि ज्यांनी अरण्याची बीजे पसरवली, ती लिची-आंब्यांच्या बागा खातात म्हणून २०१५ पासून सरकारी आज्ञेने हजारोंनी मारली गेली. २०१८ साली ही जात संकटग्रस्त ठरली. बागाईतदाराचे दुःखही खोटे नव्हते. रान होते तेव्हा त्यांना बाग लागत नव्हती, एवढेच.

२०२० च्या २५ जुलैला ‘वाकाशिओ’ हे मोठे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढले. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले आणि सुमारे हजार टन काळे तेल त्या चित्रातल्या निळ्या पाण्यावर पसरले. कोणाच्या आदेशाची वाट न पाहता लोक किनाऱ्यावर आले. कोळी, विद्यार्थी, मळ्यातले मजूर, दुकानदार. त्यांनी कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यांत उसाचे पाचट भरले आणि त्यांचे तरते बांध करून पाण्यावर अडवे टाकले. ज्या उसाने अरण्य गिळले, त्याचेच पाचट प्रवाळ वाचवायला कामी आले. कंत्राटी मजुरांची पणतवंडे कंबरभर पाण्यात उभी राहून ते बांध धरून होती. धोंडे वेचणाऱ्यांचा वारसा पूर्वी मळ्यांत दिसला होता; त्या ऑगस्टात तो पाण्यात दिसला.

त्या तेलाच्या वाटेत इल ओ एग्रेत हे २६ हेक्टरांचे चिमुकले प्रवाळी बेट होते. मॉरिशसच्या किनाऱ्यावरचे कोरडे अरण्य कसे होते, याचा उरलासुरला मागमूस तिथे आहे. आबनुसाची झाडे, त्यांखाली गुलाबी पारवे, आणि आल्डाब्राहून आणलेली महाकाय कासवे. मॉरिशसची स्वतःची कासवे खलाशांनी केव्हाच खाऊन संपवली; त्यांचे काम या आल्डाब्राच्या पाहुण्यांवर सोपवले आहे. ती आबनुसाची गळालेली फळे खातात, सावकाश चालतात आणि मूळ झाडापासून दूर बी टाकतात. त्या बीचे रोप होते. आबनूस फार हळू वाढतो. त्याच्या खोडाला जाडी येईपर्यंत माणसाच्या कित्येक पिढ्या जातात. प्रवासी होडीतून उतरतो, तासाभराने परत होडीत बसतो. त्या तासात वाटेच्या कडेला वीतभर उंचीचे एखादे रोप दिसले, तर त्याला वळसा घालून जावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.